आगाऊ प्राप्तिकराचा अजमास : कंपन्यांच्या दप्तरांतील एक दुर्लक्षित कागद

पेशवाईच्या दप्तरांत ज्यांनीं थोडेंफार काम केलें आहे त्यांस अजमास व ताळेबंद यांतील भेद सांगावयास नको. अजमास म्हणजे साल उभें असतां बांधलेला वसुलाचा अंदाज, आणि ताळेबंद म्हणजे साल सरल्यावर जमाखर्च मिळवून काढलेला हिशेब. एकाच महालाच्या एकाच सालच्या या दोन कागदांत आंकडे निराळे आले म्हणून कोणी लबाडी केली असें आपण लागलींच म्हणत नाहीं. कागद कोणत्या वेळीं लिहिला गेला हें आपण आधीं पाहतों. हीच सावधगिरी आपल्या अगदीं जवळच्या काळांतील एका कागदाविषयीं मात्र बाळगली जात नाहीं. तो कागद म्हणजे व्यापारी कंपन्यांनीं प्राप्तिकर खात्याकडे पाठविलेला चालू सालच्या उत्पन्नाचा व करावयाच्या भरण्याचा अजमास होय.

अशा कागदावर सालाचा आंकडा असतो, कंपनीचें नांव असतें, उत्पन्न व कर यांच्या रकमा असतात आणि खालीं जबाबदार मनुष्याची सही असते. एवढें पाहून ‘अमुक सालीं अमुक गिरणीस इतका नफा झाला’ असें टिपण करण्याचा मोह होतो. पण नफा झाला असें तो कागद सांगतच नाहीं. अमुक तारखेस कंपनीला काय होईलसें वाटलें, किंवा काय होईल असें सरकारास सांगणें तिला सोयीचें वाटलें, एवढेंच तो सांगतो. शिवाय हा कागद कंपनीनें केव्हां द्यावा, किंबहुना द्यावा कीं नाहीं, याचे नियम इ. स. १९४४ ते १९८८ या अवधींत अनेकदां बदलले. ते ठाऊक नसतील तर कागदांतील आंकड्याचाच नव्हे, तर कागद असण्याचा अर्थही उलटा लागतो.

हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम इ. स. १८६० त जेम्स विल्सन यानें बसविला. १८५७ च्या उठावामुळें रिता झालेला खजिना भरणें हा त्याचा हेतु होता, व पांच वर्षांनीं तो उठलाही. १८८६ च्या कायद्यानें तो कायमचा झाला, आणि १९२२ च्या कायद्यानें त्यास पुढें चाळीस वर्षें चाललेलें रूप आलें. या कायद्याचें मूळ तत्त्व असें कीं, कर चालू सालीं घ्यावयाचा तो गतसालच्या उत्पन्नावर. कंपनीनें आपलें साल संपवावें, ताळेबंद काढावा, विवरणपत्र भरावें. अधिकाऱ्यानें तें तपासून आकारणी करावी. मग मागणीची नोटीस निघावी. उत्पन्न झाल्यापासून पैसा खजिन्यांत पडेपर्यंत एक वर्ष सहज जाई, आणि तपासणी रेंगाळली तर त्याहूनही अधिक काळ लागे.

दुसऱ्या महायुद्धांत ही दिरंगाई सरकारास परवडेना. लष्करी मागणीमुळें गिरण्यांस व कारखान्यांस मोठा नफा होऊं लागला होता. १९४० सालीं जादा नफ्यावर निराळा कर बसला. भाव चढत चालले होते व बाजारांत पैसा खेळत होता. आजचा नफा आजच करांत न ओढतां वर्षा-दोन वर्षांनीं ओढावयाचा, तर त्याचा महागाईस आवर कसा बसणार? इतर देशांसही हाच प्रश्न पडला होता. अमेरिकेनें १९४३ त चालू सालचा कर चालू सालींच घेण्याचा कायदा केला, व इंग्लंडांत १९४४ च्या एप्रिलपासून पगारांतून कर कापण्याची नवी पद्धति सुरू झाली. हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्या कारकीर्दींत १९४४ सालीं तोच मार्ग धरला गेला, आणि १९२२ च्या कायद्यांत १८-अ हें नवें कलम आलें. आपल्या कागदाचा जन्म या कलमांत आहे.

कलमाची रचना अशी होती. ज्या उत्पन्नावर मुळांतच कर कापला जात नाहीं, त्यासंबंधीं प्राप्तिकर अधिकाऱ्यानें १ एप्रिलनंतर लेखी हुकूम काढावा. करदात्याची शेवटची आकारणी ज्या सालची झाली असेल त्या सालचें उत्पन्न प्रमाण धरून कर काढावा, आणि त्याची एकेक चौथाई १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या चार तारखांस भरण्यास सांगावें. येथपर्यंत कंपनीनें स्वतः कांहीं अंदाज करण्याचा प्रश्नच नाहीं. सरकारनें जुन्या आंकड्यावरून मागावें व कंपनीनें भरावें, एवढाच व्यवहार. पुढें खरी आकारणी झाली म्हणजे भरलेली रक्कम वजा पडे.

या रचनेंत आपणांस नवें असें थोडेंच दिसेल. हुजूर दप्तरांतील बेहडे दप्तरांत महालांकडून आलेल्या हिशेबांवरून पुढील जमाखर्चाचा बेहडा तयार होई, आणि मामलतदार कामावर रुजू होण्यापूर्वीं रसद म्हणून मोठी रक्कम सरकारांत आगाऊ भरी. ती पुढें वसुलांतून वळती व्हावयाची. रसद हें एक प्रकारें सरकारास दिलेलें कर्जच असल्यामुळें तिजवर व्याज चाले. १९४४ च्या कायद्यानेंही आगाऊ भरलेल्या करावर सरकारनें सालीना २ टक्के सरळ व्याज द्यावें असें ठरविलें, ही गोष्ट या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. कायदा करणारांपुढें पेशव्यांची रसद होती असें मला म्हणावयाचें नाहीं. पिकण्यापूर्वींच हिस्सा मागणाऱ्या कोणत्याही सरकारास मुदतीपूर्वीं घेतलेल्या पैशाचा मोबदला कोठें ना कोठें द्यावा लागतो, एवढेंच. रसद व आगाऊ कर यांत एक मोठा भेदही आहे. मामलतदार दुसऱ्याकडून यावयाच्या वसुलाची रक्कम आधीं भरी. कंपनी आपल्याच नफ्यावरील देणें आधीं भरते.

आतां अजमासाकडे वळूं. चालू साल वाईट चाललें आहे, गतसालच्या आंकड्यावरून मागितलेला कर आपणांस जड आहे, असें कंपनीस वाटलें तर तिनें काय करावें? कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानें तिला मुभा दिली कीं, शेवटचा हप्ता भरण्याची मुदत येईपर्यंत केव्हांही तिनें स्वतःचा अजमास अधिकाऱ्याकडे पाठवावा, आणि उरलेल्या तारखांस त्या अजमासाप्रमाणें भरणा करावा. एकदां दिलेला अजमास पुढें सुधारून देण्याचीही सोय होती. साल अधिक चांगलें चाललें असेल तर मात्र जुन्या करदात्या कंपनीवर वाढीव अजमास देण्याचें बंधन नव्हतें. ज्याची पूर्वीं कधींच आकारणी झालेली नाहीं त्याची गोष्ट वेगळी. त्याचें उत्पन्न कायद्यांतील मर्यादेपलीकडे जाण्याचा संभव असेल तर त्यानें १५ मार्चपूर्वीं आपण होऊन अजमास पाठविलाच पाहिजे, असा तिसऱ्या पोटकलमाचा दंडक होता.

यावरून निघणारें अनुमान संग्राहकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. या पहिल्या कालखंडांतील जुन्या कंपनीच्या पुडक्यांत अजमासाचा कागद मिळाला, तर बहुधा ती कंपनी त्या सालीं उत्पन्न घटल्याचें सांगत होती. ज्या सालीं भरभराट झाली त्या सालचा अजमास मिळणारच नाहीं. मिळेल तो अधिकाऱ्याचा हुकूम व चार भरण्यांचीं चलनें. म्हणून एखाद्या गिरणीचे असे पांच-सहा अजमास जमवून त्यांवरून तिच्या नफ्याची मालिका लावणारा मनुष्य केवळ वाईट सालेंच मोजीत असतो. अनेक गिरण्यांचे कागद एकत्र केले तर हा दोष कमी न होतां वाढतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे सारा धंदा डबघाईस आला होता असें चित्र अशा संग्रहावरून उभें राहील, आणि तें चित्र धंद्याचें नसून कायद्याच्या एका पोटकलमाचें असेल. नव्या कंपनीच्या पहिल्या सालच्या अजमासास हा नियम अर्थात् लागू नाहीं.

आंकड्यासंबंधीं दुसरी सावधगिरी अशी. स्वतःच्या अजमासावरून भरलेला कर खऱ्या आकारणीच्या ८० टक्क्यांहून कमी पडला तर तुटीवर कंपनीस व्याज भरावें लागे, आणि जाणूनबुजून खोटा अजमास दिल्यास दंडाचें कलम लागूं शके. म्हणजे ८० व १०० यांच्या दरम्यान कायद्यानें एक सैल पट्टी ठेवली होती. हिशेबांत मुरलेला कारभारी या पट्टीच्या खालच्या कांठाजवळ राहण्याचा यत्न करील, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. प्रत्येक कंपनीनें तसें केलेंच असें म्हणण्यास प्रत्येकीची आकारणी शेजारीं ठेवून पाहिली पाहिजे. परंतु अजमासाचा आंकडा खऱ्यापेक्षां चढा असण्यापेक्षां उतरता असण्याचा संभव अधिक, हें गृहीत धरून चालण्यास हरकत नाहीं.

आतां वेळेचा प्रश्न. सरकारच्या चार तारखा सर्वांस सारख्या, परंतु कंपन्यांचीं हिशेबी वर्षें सारखीं नव्हतीं. कांहीं पेढ्या व कंपन्या दिवाळीस वह्या बदलीत, कांहींचें साल डिसेंबरअखेर संपे, कांहीं सरकारी सालाप्रमाणें मार्चअखेर हिशेब बंद करीत. उदाहरणासाठीं १९४६-४७ हें सरकारी साल घ्या. त्या सालीं भरलेला आगाऊ कर १९४७-४८ च्या आकारणीचा. आणि त्या आकारणीस लागणारें उत्पन्न म्हणजे साधारणतः ३१ मार्च १९४७ पूर्वीं संपलेल्या हिशेबी वर्षाचें. दिवाळीवाल्या कंपनीचें हें वर्ष १९४६ च्या दिवाळीसच संपून गेलें. तिनें १५ डिसेंबरच्या सुमारास दिलेला अजमास नांवाचाच अजमास. वह्या बंद झालेल्या, केवळ तपासनिसाची सही व्हावयाची. डिसेंबरवाल्या कंपनीपुढें त्याच तारखेस आणखी एक पंधरवडा होता, व मार्चवाल्या कंपनीपुढें साडेतीन महिने. तिघींनीं एकाच दिवशीं एकाच नमुन्यांत भरलेल्या तीन कागदांची योग्यता याप्रमाणें तीन प्रकारची ठरते. मार्चवाल्या कंपनीचा तर शेवटच्या हप्त्याच्या तोंडावर, १५ मार्चला दिलेला कागदही साल उभें असतांनाच लिहिलेला असतो. म्हणून अजमासाची नोंद करतांना सरकारी साल, कंपनीचें हिशेबी वर्ष संपण्याचा दिवस, आणि कागदावरील तारीख या तिन्ही गोष्टी टिपल्या पाहिजेत. यांपैकीं दुसरी बहुतेक वेळां कागदाबाहेरच शोधावी लागते. कंपनीचा छापील वार्षिक अहवाल त्यासाठीं उपयोगी पडतो.

‘केव्हां’ या प्रश्नाचा याहून बारीक विचार अमेरिकेच्या कायद्यांत केलेला आढळतो, व तुलनेसाठीं तो येथें देतों. तेथें १९४३ ची व्यवस्था व्यक्तींपुरती होती. कंपन्यांस अजमास जाहीर करण्याचें बंधन १९५४ च्या कायद्यानें आलें, आणि तेंही ज्यांस १,००,००० डॉलरांहून अधिक कर होण्याचा संभव असेल त्यांसच. तेथील नियम तारखेस बांधलेला होता तसाच कंपनीच्या अपेक्षेसही बांधलेला होता. जानेवारीपासून साल धरणाऱ्या कंपनीस ही अपेक्षा ऑगस्टअखेरपर्यंत उत्पन्न झाली तर १५ सप्टेंबरपर्यंत जाहिरनामा द्यावयाचा. त्यानंतर उत्पन्न झाली तर १५ डिसेंबरपर्यंत. प्रारंभीं या दोन तारखांस अजमासाच्या अवघे पांच-पांच टक्के भरावे लागत. हें प्रमाण सालोसाल चढत १९५९ त पंचवीस-पंचवीस टक्क्यांवर आलें. १९६४ च्या कायद्यानें एप्रिल व जून हे दोन हप्ते वाढविण्यास आरंभ केला, आणि १९६८ त जाहिरनामा देण्याचें बंधनच रद्द झालें. भरणा तेवढा राहिला. तिकडील कंपनीचा डिसेंबरांतील पहिलाच जाहिरनामा कोणाच्या पाहण्यांत आला, तर सप्टेंबरचा कागद गहाळ झाला असें समजूं नये. कंपनीस एवढ्या मोठ्या कराची अपेक्षा ऑगस्टपर्यंत नव्हती, असें तिनें त्या कागदानें सांगितलें आहे.

आपल्याकडे १९६१ चा नवा कायदा १ एप्रिल १९६२ पासून चालू झाला. त्यानें चार हप्ते ठेवले, पण तारखा जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च यांच्या पहिल्या दिवसावर आणल्या. तारखेवरून कागद कोणत्या कायद्याखालील हें ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. खरा पालट १९६९ सालीं झाला. हप्ते तीन झाले, तारीख पुन्हां १५ वर गेली, आणि कंपनीचें साल डिसेंबरअखेरपर्यंत संपतें कीं नंतर, यावरून जून ते डिसेंबर किंवा सप्टेंबर ते मार्च अशा दोन माळा पडल्या. याहून महत्त्वाचें म्हणजे, चालू सालचा कर मागितलेल्या रकमेच्या एकतृतीयांशाहून अधिक वाढेल असें दिसल्यास कंपनीनें चढता अजमास दिलाच पाहिजे, असें बंधन प्रथमच आलें. वर पहिल्या कालखंडाविषयीं जें अनुमान सांगितलें तें येथें तुटतें. १९६९ नंतरचा अजमास मंदीचा असेल किंवा तेजीचाही असेल. कोणता हें ठरविण्यास त्यासोबतचा मागणीचा हुकूम पाहिलाच पाहिजे.

१९७८ पासून जुन्या करदात्यांनीं अधिकाऱ्याच्या हुकमाची वाट न पाहतां स्वतःच आगाऊ कराचें विवरण द्यावें, अथवा उत्पन्न कमी-अधिक होणार असेल तर त्याऐवजीं अजमास द्यावा, अशी व्यवस्था झाली. त्यामुळें या दशकांतील पुडक्यांत कागद विपुल आहेत, आणि विवरण व अजमास हे दोन निराळे नमुने एकमेकांत मिसळलेले सांपडतात. विवरण हें मागील आंकड्यावर चालतें. अजमास हा चालू सालाविषयीं बोलतो. १९८८ च्या एप्रिलपासून दोन्ही देण्याचें बंधन गेलें. कंपनीनें मनाशीं अंदाज बांधून भरणा करावा, कागद पाठवूं नये, अशी रीति पडली. पाठोपाठ १९८९-९० च्या आकारणीपासून सर्वांस एप्रिल ते मार्च हेंच वर्ष लागू झाल्यामुळें करापुरतीं दिवाळीचीं वर्षेंही इतिहासजमा झालीं. पुढें कंपन्यांचे हप्ते पुन्हां चार झाले, व आज १५ जूनपर्यंत १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पुरे १०० टक्के असा भरणा करावा लागतो. अंदाज चुकला तर व्याज पडतें, पण तो अंदाज काय होता हें सांगणारा सहीचा कागद सरकारदरबारीं उरत नाहीं. भरण्याचा आंकडाच तेवढा उरतो.

हे कागद शोधावे कोठें? १९२२ च्या कायद्याच्या ५४ व्या कलमानें करदात्यानें खात्यास दिलेली माहिती गुप्त ठेवण्यास सांगितलें होतें, त्यामुळें त्या काळांतील खात्याकडील प्रत अभ्यासकाच्या हातीं पडेल ही आशा फारशी धरूं नये. उरते ती कंपनीची स्थळप्रत. परंतु मुंबई, सोलापूर इत्यादि ठिकाणच्या अनेक गिरण्यांचा कारभार व्यवस्थापक एजंट म्हणविणाऱ्या पेढ्यांकडे असे, आणि हिशेबाचे व कराचे कागद गिरणीच्या आवारांत नसून अशा पेढीच्या कचेरींत असण्याचा संभव असतो. ही एजन्सीची पद्धति १९७० च्या एप्रिलांत कायद्यानें बंद झाली, त्या वेळीं पेढ्यांचीं दप्तरें विभागलीं गेलीं. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनींचे व्यवहार झाले. इमारतींचे फोटो पुष्कळांनीं काढले. कपाटांतील पुडक्यांची तितकी विचारपूस झाली नाहीं. मोडी कागदाचा एक बंद रद्दींत जातांना पाहून कळवळणारे आमचे स्नेही इंग्रजी टंकलिखित पुडकें मात्र खुशाल जाऊं देतात, हें मी पाहिलें आहे, आणि पूर्वीं मीही तेंच केलें आहे.

पुडकें हातीं आल्यावर तें सोडण्याची घाई करूं नये. मागणीचा हुकूम, त्यावर टांचलेला अजमास, सुधारलेला अजमास, भरण्याचीं चलनें आणि शेवटीं आकारणीचा हुकूम हा क्रम बहुधा टांचणीनेंच राखलेला असतो. गंजलेली टांचणी काढावयाची झाल्यास आधीं पानांस पेन्सिलीनें अनुक्रमांक घालावे. अजमासाच्या पाठीमागें किंवा कांठावर हातानें केलेल्या बेरजा असल्या तर त्यांची स्वतंत्र नक्कल घ्यावी. सरकारकडे गेला तो वरचा टंकलिखित आंकडा. कारभाऱ्यानें तो कोणत्या महिन्यापर्यंतच्या वहीवरून व किती टक्के धरून काढला, हें या बेरजांवरूनच कळतें. चलनावरील बँकेच्या शिक्क्याची तारीख अजमासाच्या तारखेशीं ताडून पाहावी. भरणा आधींचा व अजमास नंतरचा असें आढळलें तर तो पूर्वींचा हप्ता हुकमाप्रमाणें भरलेला आहे असें समजावें, आणि त्या रकमेस चारानें गुणून कंपनीचा अजमास काढूं नये.